तूट

हळदीचे सौदे दोनला आटोपतात.
पट्ट्या लिहून झाल्या की मी लॅपटॉप उघडते.
हात धुऊनही स्पेसबार पिवळा तो पिवळाच.

कुणा परक्यानं लिहून सगळ्यांना वाटून टाकलेला प्रोग्रॅम,
त्याच्या मदतपानांचं मराठी कुणीतरी झोपेत केलेलं.
पान एकेचाळीस:
‘चुक आढळली. पून्हा प्रयत्न करा.’

मी एकटीच हसले.
तोलाईवाले दस्तगीरचाचा म्हणाले, काय गं?
म्हटलं, चूकच चुकलीय.

एक उकार लांबवला, एक आखडला.
कारणाच्या चौकटीत लिहिलं: ऱ्हस्व-दीर्घ.
वाचणाऱ्याला मराठी येत असेल का, कुणास ठाऊक.

सांगलीवाडीच्या शाळेत कोरेबाई सांगायच्या,
चूक दीर्घ; पण चुकीला, चुकीनं, चुकीचं ऱ्हस्व.
पदरी प्रत्यय आला की उकार आखूड होतो.
एकटी असते तोवरच लांब.

चार दिवसांनी बदल घेतला त्यांनी.
एक ओळ लाल, एक हिरवी,
आणि आभारांच्या यादीत पार तळाला
मी: पद्मजा आवटि.

चाचांना दाखवलं.
ते काट्यावरनं नजर न काढता म्हणाले,
एवढी तूट धरत्यात की.

उद्या अमावस्या, सौदे बंद.
उद्या बघते.