डोल

चांगोकाकाने तो पाण्याच्या डब्यातून आणला,
लक्षद्वीपकडची अकरा दिवसांची फेरी,
आणि दिवाळ्याच्या धक्क्यावर पाय टेकताच म्हणाला,
"मागून धर. जाड अंगानं. तोंडाकडं बोट नको नेव."

बाबा तेव्हा जाळी विणायचे, आस पेरांवर मोजायचे.
त्यांनी तो शंख बल्बखाली फिरवला:
पातळ, तांबूस, पाठभर बारीक जाळीची रेघ.
"एक आस चुकला नाय," म्हणाले.

आईच्या जवळा धुवायच्या टबात त्याचा मुक्काम पडला.
आई तीन दिवस बोलली नाही. नंतर सगळं बोलली.

तिसऱ्या रात्री बाबांनी टबात निवटी सोडली,
जिवंत, चिखलाची, डोळे टाळूवर काढलेली.
गोगलगायीला कसली घाई.
ती आली, थांबली,
आणि तोंड उघडलं. तोंड कसलं,
झिरझिरीत पिशवी; पसरत गेली, पसरत गेली,
भरतीला लावलेल्या डोलीसारखी.
निवटी आपल्याच परांनी चालत आत गेली.
उडी मारणारी जात तिची.
उडाली नाही.

"आपल्यातलीच हाय," बाबा कुजबुजले. "डोल लावते."

सकाळी टबात काटे, खवले,
आणि एक दात. केसाएवढा, पोकळ.
बाबांनी तो विणायच्या सुईवर उचलून उजेडात धरला.
ओहोटीला शंख खाडीत सोडला.
त्या गढूळ पाण्यात तो जगणार नव्हता,
हे त्यांना ठाऊक होतं. चांगोकाकालाही.

आता रात्री बाबांच्या पायांतून विस्तव चालतो.
गोळ्यांच्या चार पट्ट्या, चारही हरलेल्या.
नेरूळच्या इस्पितळात डॉक्टर शेंबवणेकर बोलता बोलता म्हणाल्या,
समुद्रातल्या एका गोगलगायीच्या विषावरून औषध काढलंय,
कण्यात सोडतात. महाग. आपल्याकडे मिळणं कठीणच.

बाबा हसले, पाय ठणकेपर्यंत हसले.
"काय झालं?"
"काय नाय. तिची बहीण आमच्या घरात व्हती. टबात."

रिक्षात गप्प होते.
किल्ले गावठाणच्या सिग्नलला त्यांनी एकदा
हवेतच आस मोजला, अंगठ्याने, पेरांवर.

रात्री पाय चेपताना मी विचारलं,
त्या निवटीला दुखलं असेल?

पंख्याच्या बऱ्याच फेऱ्या गेल्या.
"नाय," म्हणाले.
मग कूस बदलत,
"त्येच तर."