संदर्भासाठी दुसरा नंबर

कॉलेजच्या पोर्चमध्ये टेबल टाकून बसले होते ते,
खातं उघडणाऱ्याला निळी सॅक फुकट.
फॉर्मवर एक चौकोन होता: संदर्भासाठी दुसरा नंबर.
घरी फोन नव्हता तेव्हा,
मी झिंगराजी लोणारेंच्या गिरणीचा दिला.
सॅकची चेन दिवाळीआधीच गेली.
माझा स्वतःचा नंबर हॉस्टेलबरोबर सुटला.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी
खात्यात चार हजार दोनशे दिसले.
वाटलं, आली एकदाची स्कॉलरशिप.
परीक्षेचा फॉर्म भरला, प्रोजेक्टला बाइंडिंग केलं,
सोनेरी अक्षरांत करुणा देवराव ठमके,
विषय: पडीक जमिनीवरची गवतं.
उरलेल्यात रूममेटला तर्री मारून आलूबोंडा खाऊ घातला.

स्कॉलरशिप आलीच नव्हती.
ते पैसे बँकेचे होते.
तिने न सांगता दिले,
मी न विचारता घेतले.

सहा वर्षांनी आर्वीहून पाकीट आलं:
अडतीस हजार सातशे सोळा.
आईनं विचारलं, कोनाचं पत्र व्हय?
म्हटलं, विद्यापीठाचं.
एका अर्थी होतंच.

मी तासिका तत्त्वावर शिकवते,
म्हणजे तास होतो, तत्त्व उरतं,
मानधन दिवाळीपासून अडकलेलं आहे.

मग दोन पोरं आली मोटारसायकलवर.
बसथांब्यावर विचारलं, पानठेल्यावर विचारलं,
ग्रामपंचायतीच्या ओट्यावर विचारलं:
ठमके मॅडमचं घर कोणतं, बँकेचं काम होतं.
घर पहिल्या माणसानेच दाखवलं असणार,
पण गावभर मोठ्याने विचारणं
हाच त्यांच्या कामाचा भाग.
एकाने पाणी मागितलं, दोन गिलास प्यायला.
माझ्याच वयाचा, शर्टाच्या कॉलरला पेनाचा डाग.
म्हणाला, मॅडम, वर्षभर फोन करून राह्यलो आम्ही
तुमच्या त्या दुसऱ्या नंबरवर,
एक म्हातारा उचलते आणि मागं नुसती घरघर.
म्हणते, आयकू येऊन नाही राह्यलं.

सांजवेळी ज्वारीचा डबा घेऊन गेले.
गिरणी सुरू.
वरच्या खोक्यात दाणा नाही, खाली पोत्यात पीठ नाही,
पट्टा आपला फिरतोय,
आणि झिंगराजी स्टुलावर, फोन कानाला,
भुवया पांढऱ्या, ओरडतायत:
"काय म्हन्ता? गिरनी चालू हाय ना बाप्पा!"

मला पाहिलं. फोन ठेवला. खटका पाडला.
पट्टा थांबेस्तोवर आम्ही दोघं पट्ट्याकडेच पाहत होतो.
मग म्हणाले, "जाड दळू का बारीक?"

रिकामी चालली की गिरणीत दगड दगडाला खातो.
मला आता आठवतं,
या वर्षी आठवड्या-आठवड्याला ऐकू यायची
टाकी लावल्याची टकटक,
आणि मी वह्या तपासताना वैतागायचे,
या म्हाताऱ्याला झोप नाही का म्हणून.
खिळ्याला लाइटची बिलं टोचलेली होती.
मी वरचंच पाहिलं, खालची पाहवली नाहीत.

"किती झाले?"
"पाच किलोचे तीस."
"ते नाही. बाकीचे."
"बाकीचं काय असते," म्हणाले,
आणि डब्याचं झाकण पुसत बसले,
पुसायची गरज नसलेलं.

इतक्यात फोन वाजला.
मी सापडल्याचं
त्या फोन करणाऱ्याला अजून कोणी सांगितलं नसावं.
झिंगराजींचा हात खटक्याकडे गेला.
मी मनगट धरलं. पीठ लागलं बोटांना.
फोन मी उचलला.

"करुणा ठमके बोलते."

पलीकडून कान फाटेल असा आवाज:
हॅलो! हॅलो! ऐकू येतंय का?
सवय लागली होती त्याला.

"हळू बोला," म्हटलं,
"गिरणी बंद आहे."