हातचा

फ्रीसलंडमध्ये, जिथं गायी मान वर करून
डोक्यावरून जाणाऱ्या बोटी बघतात,
एका कालव्यावर उचलता पूल आहे.
वीब्रन तिथला राखणदार. मार्चमध्ये निवृत्त झाला.
आता त्याच्या जागी एक आकृती:
अकरा चौकटी, चोवीस बाण.
घंटा. फाटक खाली. थांब. कुलूप काढ. पूल वर.

आकृती आम्ही काढली.
तिचा प्रोग्रॅम मात्र माणूस लिहीत नाही,
रूपांतरक लिहितो,
रात्री दोनलाही त्याचं अक्षर बिघडत नाही.
पण नक्कल करायलाही अक्कल लागते,
आणि आम्ही ती त्याला किती दिली होती
आमच्यापैकी कुणालाच नीट आठवेना.

म्हणून येल्टया ताळा करायला बसली.
चार बोटी सोडून बघू, मी म्हटलं, चार सायकली.
शितावरून भाताची परीक्षा, ती म्हणाली,
भातापुरती ठीक आहे.
तिला एकच वाक्य सिद्ध करायचं होतं:
आकृतीत जे घडू शकत नाही
ते प्रोग्रॅममध्येही घडू शकत नाही.
कधीच. कुठल्याही क्रमानं.
तीन आठवडे. कॉफीचे डाग. एकदा रडू,
ज्याबद्दल आम्ही बोललो नाही.

गुरुवारी पावणेपाचला यंत्र म्हणालं, नाही.
आणि पुरावा म्हणून सात पायऱ्या दिल्या.
सहावीपर्यंत सगळं शहाण्यासारखं.
सातवीवर पूल वर निघालेला
आणि फाटकाच्या आत एक सायकल.

चौकटी मोजल्या. प्रोग्रॅममध्ये दहाच.
'थांब' नव्हती.
नियम एकोणीस: ज्या चौकटीत काहीच घडत नाही
ती पुढच्या चौकटीत मिसळून टाकावी.
हा नियम मीच लिहिला होता,
कोड आटोपशीर व्हावा म्हणून.
बाकी सगळी मक्षिकास्थाने मक्षिका,
फक्त हातचा विसरलेला.

नियम बदलला. यंत्र रात्रभर चाललं.
सकाळी पडद्यावर एकच हिरवी ओळ.
मी केक आणला. येल्टयानं कापला नाही.
हे एवढंच सांगतंय, ती म्हणाली,
की प्रोग्रॅम आकृतीसारखा आहे.
आकृती पुलासारखी आहे का,
ते यात कुठं लिहिलंय?

तिनं सायकल काढली. मी मागे.
वीब्रन तिथंच होता, कुत्र्याला घेऊन,
निवृत्त माणूस जातो कुठं.
घंटा झाली. फाटक उतरलं.
मग आमचं ते काहीच न घडणं,
आकृतीप्रमाणे तीन सेकंद.
या वेळी तुम्ही काय करायचात? येल्टयानं विचारलं.
काही नाही. बघायचो.

कुलूप निघाल्याचा आवाज आला.
वीब्रनचे ओठ अजून हलत होते.
मग तो कुत्र्याकडे बघत म्हणाला,
मी चार मोजायचो.