चौकट

शाळेचा मेसेज आला तेव्हा माग चालू होता.
आवाजात मोबाईल कधी वाजतो कळत नाही,
खिशात थरथरला म्हणून कळलं.
'आपल्या पाल्याची उपस्थिती ७८.२६ टक्के.
पालकांनी पोर्टलवर लॉगिन करून पाहावे.'

रात्री जेवण झाल्यावर विडी घरकुलच्या कट्ट्यावर बसलो,
तिथं जरा रेंज येते.
सहा आकडे आले, टाकेपर्यंत शिळे झाले.
पुन्हा मागवले.
पासवर्ड पोरीची जन्मतारीख,
ती मात्र विसरलो नव्हतो.

उघडलं.
गाजुल श्रावंती अंबादास, आठवी ब.
फोटोत तेल लावून चापून बसवलेले केस.
गणित एकसष्ट. मराठी ऐंशी.
घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरीला मराठीत ऐंशी,
हे दोनदा वाचलं.

मग हजेरीचं पान.
महिनाभराच्या चौकटी, हिरव्या, मधूनच लाल.
बावीस वर्षं मी जेकार्डवर चादरी काढतोय.
आलेख कागदावर आधी अशाच चौकटी भरतात,
मोर कुठं, वेल कुठं, काठ कुठं.
मला अक्षरं हळू वाचता येतात,
चौकटी लगेच.

दोन. सात. बारा.
बावीस. सत्तावीस.
चुकलेला धागा असा पडत नाही.
चूक कुठंही पडते,
ही तर ठरवून पाडलेली नक्षी.
सतरा कुठं गेली म्हणून बघितलं,
सतराला रविवार होता.

पाच दिवसाआड.
आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तेही पाच दिवसाआड,
अकराच्या पुढं, कधी साडेबाराला.
त्या वेळी नागमणी विड्यांची पाटी घेऊन कारखान्यात,
रांगेत, चेकरपुढं.
मी मागावर.
घरात सहा घागरी, दोन पिंप,
आणि आठवी ब.

मी तिला कधी 'थांब' म्हटलं नाही.
'जा' असंही नाही म्हटलं.
पाणी भरलेलं असायचं.
मी आंघोळ करायचो.

खाली लिहिलं होतं, गैरहजेरीचे कारण निवडा.
आजारपण. परगावी. घरगुती समारंभ. इतर.
'इतर' दाबलं.
रिकामी जागा आली, त्यात लिहिलं : पाणी.
लाल अक्षरात उत्तर आलं,
किमान दहा अक्षरे आवश्यक.

बराच वेळ बसलो.
शेजारचा कोडम बाहेर आला,
म्हणाला, क्रिकेट लागलंय का?
नाही म्हटलं.
पोरगी दारात येऊन उभी राहिली.
"नान्ना, काय बघतोस?"
मोबाईल पालथा घातला.
तिनं पळभर पाहिलं आणि म्हणाली,
"विज्ञानाचा तास अकराला असतो.
स्नेहाची वही आणते मी. सगळं लिहून काढते."
मी विचारलंच नव्हतं.

मार्चच्या चार तारखेला मी घरी थांबलो.
पावणेबाराला नळ खोकला,
आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
पाइप कसा धरायचा, पिंप कुठवर भरायचं,
शेजारणीशी कधी भांडायचं आणि कधी नाही,
यातलं मला काहीच येत नव्हतं.
तिसरी घागर सांडली.

संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन पोर्टल उघडलं.
चार तारीख हिरवी.
बंद केलं, पुन्हा उघडलं.
हिरवीच होती.

माझ्या हजेरीचं पोर्टल नाही.
मुकादमाची निळी वही आहे, तेलाचे डाग पडलेली,
ती घरच्यांना बघायला मिळत नाही.
तिच्यात माझ्या नावापुढं चार तारखेला फुली आहे.
आता नऊची बघू.