छाट

नीलमनगरच्या पुढं, शेवटच्या गल्लीत
नरसम्मा गड्डमनं माझे सत्तावीस फोटो
सुपात घेतले,
तेंदूची पानं बाजूला सारून.

एप्रिल. पत्रा तडतडतोय.
भिंतीपलीकडं चार माग चालू,
त्यामुळं आमचं साधं बोलणंही
भांडल्यासारखं.
मी म्हणालो, मावशी, तुमचेच आहेत, बघा.
"बघते की. बस."

बघणं मला येतं असं मी धरून चाललो होतो.
वडलांचा स्टुडिओ होता नव्या पेठेत,
मागं रंगवलेला धबधबा, पुढं लाकडी मोटारसायकल.
त्यांच्याकडं माणसं कपडे इस्त्री करून यायची.
मी लोकांच्या घरी जातो,
इस्त्रीच्या आधी.

तिनं हात धुतले, पदराला पुसले
आणि सुरू केलं,
ब्रँचमधला चेकर शनिवारी करतो तसं:
उचलायचं, बोटानं दाबायचं, एक नजर,
ही पास, ही छाट.

गटारीच्या कडेला नागडा नातू. छाट.
"त्याला चड्डी हाय. त्या दिवशी वाळत होती."
दोरीवर फाटकं लुगडं, मागून ऊन. छाट.
"हे आमचं नव्हंच."
खोकणारा म्हातारा, बरगड्या मोजता येतील इतक्या जवळून.
हा तिनं जरा जास्त वेळ धरला.
"गेला की तो. ह्याच्यात अजून खोकतोय."
तोही छाटात,
पण पालथा.

मग तिचेच हात आले.
कात्री, पान, आणि तो अंगठा,
घासून घासून रेघा गेलेला,
ज्याला रेशनचं मशीन तीनदा नाही म्हणतं.
हा फोटो पुण्यात भिंतीवर लागला होता,
काचेमागं, खाली माझं नाव.
एक बाई त्याच्यापुढं उभी राहून रडली होती.
मला ते आवडलं होतं.

नरसम्मानं दाबून बघितला, विडी दाबतात तसा.
"तोंड कुठाय?"
छाट.

मी विचारलं,
छाटलेल्या विड्यांचं काय करतात ब्रँचमध्ये?
"पैसे कापतेत. विड्या ठेवून घेतेत."
मग?
"मग काय. ओढत असंल कोण तरी."

पास झाले दोन.
एक, मांडणीवरची भांडी,
स्टीलच्या डब्यावर खिडकीचा वाकडा तुकडा.
दुसरा माझा हात हलून बिघडलेला,
लॅबवाल्यानं चुकून छापलेला.
त्यात ती हसतेय की नुसताच उजेड आहे
मला अजून ठरवता आलेलं नाही.
तिला आलं.

सहा-सात उरले होते सुपात
तेवढ्यात गल्लीतनं आरोळी:
"नीळ्ळोच्चिनय!"
पाचव्या दिवशी पाणी.

सूप तिथंच, फोटो तिथंच.
घागरी, बादल्या, निळं पिंप, कुणाची तरी कोपरं,
नळी माझ्या हातात कशी आली कळलं नाही,
कॅमेरा पाठीवर ढकललेला, बुटात पाणी,
नळी उड्या मारतेय
आणि पिंपापलीकडून ती ओरडतेय
जे मी तिला वर्षभर सांगत आलो,
पान कातरताना, चूल फुंकताना,
म्हाताऱ्याच्या तोंडाला तांब्या लावताना:

"तसाच थांब. हलू नको."