मर्यादेत

मिरजेत, स्टेशन रोडला, एका जिन्याखाली आमची लॅब.
साडेसहाला मी शटर वर करते
आणि ते अर्ध्यावर येतं तोवर
माझा दिवस संपलेला असतो.

मग उपाशीपोटी आलेली माणसं.
मूठ आवळा. मान तिकडं करा. झालं, कापूस दाबून धरा.
जांभळ्या टोपणाची नळी, पिवळ्या टोपणाची नळी,
वर चिकटवायचं नाव, वय, वेळ.
हल्ली वयाच्या जागी तेवीस, एकवीस, सव्वीस,
आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच ते गिचमिड:
थकवा, तीन महिने.
थकवा, वर्ष होत आलं.
थकवा, आणि पुढं नुसतं प्रश्नचिन्ह.

मी त्रिशला मगदूम, वय चोवीस.
माझी नळी मीच भरली, एका रविवारी,
दातांनी पट्टा ओढून.
हिमोग्लोबिन बारा पूर्णांक एक.
बारापासून पुढं नॉर्मल,
म्हणजे एका दशांशानं मी धडधाकट.
थायरॉईड मर्यादेत. साखर मर्यादेत.
बी-ट्वेल्व्ह काठावर, पण काठाच्या आत.
(पुराच्या आदल्या दिवशी कृष्णाही मर्यादेतच असते.)
पोरीनं मर्यादेत असावं, आई सांगत आली.
आता छापून आलंय, सहीशिक्क्यासह.

झोप नव्हे ही. झोप निदान येते तरी.
हे म्हणजे केस विंचरायला हात वर जातो
आणि तिथंच विसरतो, कशाला आलो होतो.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम,
आणि संध्याकाळचे रिपोर्ट सातला.
म्हणून सहाला, सेंट्रिफ्यूज घरघरत असताना
चपातीची गुंडाळी, दोडक्याची भाजी, स्पिरिटचा वास.
हे असेल?
की मागच्या ऑक्टोबरातला डेंग्यू,
रक्तातून गेला, गुडघ्यांतून गेलाच नाही?
की रात्री दोनपर्यंत उशाशी उजळणारा फोन?
दिवसातला तेवढाच वेळ माझा,
तो झोपेला कसा देऊन टाकू?
मावशी म्हणते, दृष्ट.
काका म्हणतो, स्थळं बघायला घेऊ.
डॉक्टर निटवे म्हणतात, टेन्शन घेऊ नको,
जसं काही पंगतीत वाढतायत
आणि मी मागून मागून घेतेय.

काल तौसीफ आला, सतारमेकर गल्लीतला. बावीस.
दिवसा सतारीला पडदे बांधतो,
रात्री एका एटीएमबाहेर खुर्चीवर.
तिसऱ्यांदा तोच कागद, तिसऱ्यांदा तेच आकडे.
"म्हणजे काहीच नाही?"
रिपोर्ट समजावून सांगायची मला परवानगी नाही.
"डॉक्टरांना दाखवा," म्हटलं.
त्यानं कागद उलटा केला. मागं कोरा.
"तार तुटत नाही, खुंटी सैल नाही,
तरी दुपारपर्यंत उतरते," तो म्हणाला.
"मग अब्बा म्हणतात, लाकूड बघ,
लाकूड कधी कापलं, किती वाळवलं..."
आणि वाक्य तसंच टाकून जांभई दिली.
मलाही आली. दोघं हसलो,
हसून दमलो.

रजिस्टरात शेवटचा एक रकाना आहे, 'शेरा'.
मी लागल्यापासून कोराच.
विचारलं, कधीपासून?
सकाळी जास्त की संध्याकाळी?
जिन्यात मध्ये बसावं लागतं का?
कुणी गेलं का घरातलं?
तो स्टुलावरून उठता उठता पुन्हा बसला.
सांगत राहिला, थांबत थांबत,
आठवायलाही ताकद लागते तसा.
मी लिहीत गेले, बारीक अक्षरात.

तो गेल्यावर खालच्या ओळीत
मगदूम, त्रिशला. चोवीस.
शेरा...
जागा पुरेना. रेघ ओलांडून समासात गेले,
समासातून पुढच्या पानावर.
बाहेर बाकावर कुणीतरी उपाशी माणूस
दोनदा खोकला.