टिकी बारमध्ये, बाकी मागायला

हत्तरगीचा टोल गेला की डाव्या हाताला
आधी घसरगुंडीची निळी नळी दिसते,
मग माड, ज्यांना कधी एक नारळ धरला नाही.
फायबरचे आहेत, कंडक्टर म्हणाला,
उसातून मान काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला बघतात.

मी उतरले. पिशवीत बिलाची तिसरी प्रत.
गेटवरच्या पोरानं विचारलं, पोहायला?
म्हटलं, देवांना भेटायला.
तो हसला नाही. मनगटाला कागदी पट्टी चिकटवली, नारिंगी.

बार म्हणजे झोपडी,
कधीच झोपडीत न राहिलेल्या माणसानं बांधलेली.
बांबू खानापूरचा, ओळखला मी.
वरचं गवत प्लॅस्टिकचं.
आणि भिंतीवर ओळीनं माझे नऊ जण,
जिभा काढून, दात विचकून.

मॅनेजरनी मोबाइलवर फोटो पाठवले होते,
कुठल्या तरी समुद्रातल्या बेटावरचे
कुणाचे तरी वाडवडील.
नावं विचारली तर म्हणाले,
नावं नकोत, चेहरे द्या, सुट्ट्या लागायच्या आत.

गोकाकात आमच्याकडे तीन पिढ्या
लाकडाचे पेरू झाले, सीताफळं, अंजीर,
माशी फसून बसायची.
चेहऱ्यांची सवय नव्हती.
दीर फणसाचे ओंडके कोरत गेले,
मी चिंचोक्याची खळ लावून रंगवत गेले,
आणि चौथ्याला नकळत सासऱ्यांचं नाक आलं,
तंबाखूची गोळी धरल्यासारखा डावा गाल.
आज त्यांच्या खाली दोघं जण
बिअरबरोबर शेंगदाणे खात होते.
मी पदर सावरला. हात आपोआप गेला.

"साहेब मीटिंगात हाईत, बसा की अक्का."
इराण्णा, यरगट्टीचा. पोपटी फुलांचा शर्ट,
गळ्यात कापडी माळ, खाजत असावी.
"कुडीरी," म्हणून त्यानं पेला ठेवला,
पेल्यालाही तोंड, तोंडावर अननसाची चकती,
वर कागदाची एवढीशी छत्री.
"दारू न्हाई त्यात. आईची आण."

दर अर्ध्या तासाला ज्वालामुखी फुटतो.
कोपऱ्यात सिमेंटचा डोंगर आहे,
आधी स्पीकर गुरगुरतो, मग लाल बल्ब,
मग नाटक कंपनीच्या धुरासारखा गोडूस धूर.
निपाणीहून आलेली पोरं ओरडली.
एक बाळ खरंच रडलं.
खोटं आहे रे सोन्या, त्याची आई म्हणत होती,
सुळ्ळु, सुळ्ळु.
दोन्ही भाषांत सांगून त्याला पटेना.

नवव्याकडे मी शेवटी बघितलं.
त्याचे डोळे मी उघडलेले नाहीत.
आमच्यात डोळे शेवटी,
आणि शेवट हिशेब पुरा झाल्यावर.
आगाऊ पैशात आठ बसले, नववा बाकीत राहिला,
नुसत्या पांढऱ्या खोबणी.
"फोटो सगळे ह्याच्यासंगं काढतात,"
इराण्णा म्हणाला, "ह्याला पुढचं दिसतंय म्हणून
साहेब सांगतात गिऱ्हाइकांना."

साहेब आले पावणेपाचला.
पुढच्या महिन्यात नक्की, म्हणाले,
आणि दोघांचं कूपन दिलं,
लाटांचा तलाव, दुपारचं जेवण, सोमवार ते गुरुवार.
आणि हो, त्या नवव्यासारखे अजून चार करा ना,
बिनबुबुळांचे.
त्याला जास्त पडतात, मी म्हटलं.
किती?
मी दुप्पट सांगितले.
ते हो म्हणाले.

पिशवीत बिलाखाली काळ्या रंगाची डबी होती,
खारीच्या केसांचा कुंचला.
तशीच परत नेली.

थांब्यावर बस येईना.
अंबाड्यातली छत्री काढून उघडून-मिटून बघितली,
एक काडी मोडली. दांडीला कागद गुंडाळलेला,
नखानं सोडवला तर त्यावर बारीक छापील ओळ,
अक्षरं आमची नव्हेत, त्यांचीही नव्हेत.
उजेड होता तोवर वाचायला बघत बसले.